अल्बिनोनीची सर्वांत गाजलेली रचना अल्बिनोनीची नाहीच! मग यूट्यूबवर त्याचं नाव कसं?

यूट्यूबवर ‘अल्बिनोनी अदाजियो’ असं टाकून बघा. पानंच्या पानं भरतील एवढे व्हिडिओ निघतात. मंद ऑर्गन, पायऱ्या उतरावं तसा खाली खाली येणारा बास आणि त्यावर व्हायोलिनांची दुखरी सुरावट. नाव माहीत नसलं तरी ही धून तुम्ही ऐकलेली असण्याची शक्यता बरीच आहे. ‘गॅलिपोली’ (१९८१) या युद्धपटात ती आहे, ‘मँचेस्टर बाय द सी’ (२०१६) मध्ये आहे, आणि दुःखी रील्सना तर ती कायमचीच बांधलेली.

व्हिडिओखाली संगीतकाराचं नाव असतं तोमासो अल्बिनोनी. जन्म १६७१, मृत्यू १७५१, गाव व्हेनिस. युरोपात ज्याला बरोक काळ म्हणतात, म्हणजे साधारण १६०० ते १७५०, त्या काळातला हा माणूस.

आणि ही रचना पहिल्यांदा छापली गेली ती १९५८ मध्ये. अल्बिनोनी जाऊन २०७ वर्षं झाल्यावर.

ती लिहिली रेमो जियाझोत्तो या इटालियन संगीत-अभ्यासकानं. वऱ्हाडीत विचारायचं तर, ‘मंग याचं नाव काऊन नाही?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधताना असे आणखी पाच-सहा घोटाळे सापडतात, आणि त्यांतले बरेचसे एकाच प्रकारच्या संगीतात झालेले दिसतात, ते म्हणजे बरोक काळातले चेंबर सोनाटा. त्यांच्या रेकॉर्डिंगवर ज्याचं नाव आहे त्याचंच ते संगीत असेल, याची खात्री देता येत नाही.

आपल्याकडे ‘छाप’ असते

अमरावती जिल्ह्यात मोझरीचं गुरुकुंज आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. त्यांची भजनं अमरावती-अकोल्याकडच्या गावागावांत खंजेरीवर म्हटली जातात. नवीन पोरानं एखादं भजन पहिल्यांदा ऐकलं तरी शेवटच्या कडव्याला त्याला कळतं की हे कुणाचं. कारण तिथे ‘तुकड्या’ किंवा ‘तुकड्यादास’ हे नाव येतंच. अभंगात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’. याला आपण छाप म्हणतो, नाममुद्रा म्हणतो. रचनेच्या पोटातच मालकाची सही.

म्हणजे आपल्याकडे घोळ झालाच नाही असं नाही बरं का. तुकोबांच्या गाथेत क्षेपक अभंग कोणते, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडत आलेत. ‘नामा’ म्हणजे संत नामदेव की नंतरचा विष्णुदास नामा, हा वाद तर प्रसिद्धच आहे. सदारंगाची छाप घालून भलत्यांनीही बंदिशी खपवल्या. पण निदान चोराला सही तरी खोटी करावी लागते. शब्द असतात, भाषा असते, भाषेवरून काळ ओळखता येतो.

सोनाट्यात शब्दच नसतात. सही करायला जागाच नाही. नाव फक्त कागदाच्या पहिल्या पानावर असतं, आणि ते पान छापणाऱ्याच्या हातात.

आधी हे ‘चेंबर’ समजून घेऊ

चेंबर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नगरपालिकेचं गटाराचं चेंबर येतं. इथे अर्थ आहे खोली. मोठ्या सभागृहासाठी नाही, तर दिवाणखान्यात तीन-चार जणांनी बसून वाजवायचं संगीत. आपल्या घरगुती बैठकीसारखं. ‘सोनाटा’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थही साधाच आहे, ‘वाजवलेलं’. जे गायलं ते कांताटा, जे वाजवलं ते सोनाटा.

या सोनाट्याचा कागद बघितला तर आश्चर्य वाटतं. बहुतेक वेळा त्यावर दोनच ओळी असतात. वर व्हायोलिन किंवा बासरीची सुरावट, खाली बासची ओळ. आणि बासच्या सुरांपाशी बारीक आकडे. ६, ७, ४ असे. हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणाऱ्यानं ते आकडे बघून मधली सगळी भर जागच्या जागी घालायची. ६ लिहिलं असेल तर खालच्या सुरापासून मोजत सहावा सूर धरायचा, तिसरा तर गृहीतच. बाकी कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, कुठे भरायचं हे वाजवणाऱ्याच्या मनावर. भजनी मंडळातला पेटीवाला काय करतो? त्याच्या पुढे कागद कुठे असतो? गाणारा कुठे चाललाय ते ओळखून तो भरत जातो. साधारण तसंच, फक्त इथे इशारा आकड्यांतून.

ट्रायो सोनाटा नावाचा प्रकार तर आणखी गमतीदार. नाव त्रयी, कागदावर ओळी तीन, पण वाजवायला माणसं सहसा चार लागतात. कारण बासची एकच ओळ चेलो आणि हार्पसिकॉर्ड असे दोघं मिळून वाजवतात.

या सगळ्याचा परिणाम असा की एकच सोनाटा दोन रेकॉर्डिंगमध्ये इतका वेगळा ऐकू येतो की एकच रचना आहे हे पटत नाही. रोममधल्या आर्कांजेलो कोरेल्लीनं १७०० मध्ये १२ व्हायोलिन सोनाटे छापले. त्यांतला शेवटचा, ‘ला फोलिया’, चार वेगवेगळ्या वादकांचा ऐका. कुणी कागदावर आहे तेवढंच वाजवतो, कुणी ताना घेतल्यासारखी नक्षी घालतो. दोघंही बरोबर आहेत. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना यात काही विचित्र वाटायला नको.

पण याचा दुसराही परिणाम आहे. कागदावर इतकं कमी असल्यामुळे त्यात भर घालणं सोपं. आणि भर घालता घालता अख्खी नवी रचना उभी करणंही शक्य.

ड्रेस्डेनच्या राखेतला कागद

जियाझोत्तोनं नेमकं तेच केलं. तो अल्बिनोनीचा अभ्यासक होता, १९४५ मध्ये त्यानं अल्बिनोनीवर पुस्तक काढलं होतं. अल्बिनोनी हा माणूसही मजेशीर. बापाचा धंदा कागदाचा आणि पत्ते छापण्याचा, घरात पैसा भरपूर. त्यामुळे नोकरीसाठी कुठल्या राजाच्या किंवा चर्चच्या दारात उभं राहायची गरज नाही. आपल्या पुस्तकांवर तो स्वतःला ‘व्हेनिसचा हौशी’ म्हणवायचा. पण हौशी असला तरी कसलेला होता. त्याच्या पहिल्या पुस्तकातल्या ट्रायो सोनाट्यांतली सूत्रं घेऊन खुद्द बाखनं फ्यूग रचले आहेत.

जियाझोत्तोचं म्हणणं असं की जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातून त्याला अल्बिनोनीच्या एका सोनाट्याचा तुकडा मिळाला. आकड्यांसहित बासची ओळ आणि वरच्या सुरावटीचे दोन छोटे धागे. ड्रेस्डेन शहरावर फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांनी बॉम्ब टाकले आणि शहराची राख झाली. त्या राखेतून वाचलेला तुकडा, त्यावर उभी केलेली रचना. गोष्ट ऐकायला भारी आहे, यात शंका नाही. फक्त ग्रंथालयाकडे असा तुकडा असल्याची नोंद काही सापडली नाही. जियाझोत्तो १९९८ मध्ये वारला. त्याच्या कागदांत त्या तुकड्याची नक्कल मिळाल्याचं पुढे त्याच्या सहायिकेनं सांगितलं. मूळ कागद मात्र पुढे आलेला नाही.

आता इथे एक गोष्ट जियाझोत्तोच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. १९५८ मध्ये मिलानच्या रिकोर्दी कंपनीनं ही रचना छापली तेव्हा शीर्षकातच लिहिलं होतं की अल्बिनोनीच्या दोन सूत्रांवर आणि बासच्या ओळीवर आधारलेलं. रचनाकार म्हणून हक्कही जियाझोत्तोचेच. म्हणजे छापील कागदावर तरी तो उघड होता. मग नाव गायब कुठे झालं?

रेकॉर्डच्या कव्हरवर. तिथे एवढं लांबलचक शीर्षक कोण छापणार? ‘अल्बिनोनीचं अदाजियो’ हे तीन सेकंदांत वाचून होतं, शिवाय जुनं नाव असलं की माल उच्च दर्जाचा वाटतो. एका कंपनीनं केलं, मग दुसरीनं, मग कॅसेटवाल्यांनी, मग सीडीवाल्यांनी. फोनवरच्या ॲपनी सीडीवरूनच माहिती उचलली. कागदावर जी शंका स्पष्ट लिहिलेली होती, ती तबकडीवर येता येता पुसली गेली. कुणी मुद्दाम खोटं बोललं असं नाही. प्रत्येकानं थोडंसं आखडतं घेतलं, एवढंच.

१९९२ मध्ये साराजेव्होला वेढा पडला होता. पावाच्या रांगेवर तोफगोळा पडला, माणसं मेली. व्हेद्रान स्माइलोविच नावाचा चेलोवादक त्या जागी येऊन बसला आणि मेलेल्या २२ जणांसाठी २२ दिवस वाजवत राहिला. त्यानं वाजवलं ते हेच अदाजियो. तेव्हा ते ३४ वर्षांचं होतं की अडीचशे वर्षांचं, याची चौकशी कुणी केली नाही, आणि करायचं कारणही नव्हतं.

मेलेल्या बाईच्या नावावर छापलेला हँडेल

नावांचा हा खेळ जुना आहे. जॉन वॉल्श हा लंडनमधला मोठा संगीत-प्रकाशक. साधारण १७३० च्या सुमारास बाजारात हँडेलच्या सोनाट्यांचं एक पुस्तक आलं. त्यावर प्रकाशकाचं नाव होतं जान रोजे, ॲमस्टरडॅम. अडचण एवढीच की जान रोजे ही बाई १७२२ मध्येच वारली होती. पुस्तक छापलं होतं वॉल्शनं, लंडनमध्ये. नावाजलेल्या डच कंपनीचा शिक्का मारला की माल खपतो, हे त्याला ठाऊक होतं.

आतला मालही सगळा अस्सल नव्हता. त्यातले दोन व्हायोलिन सोनाटे हँडेलचे नाहीत असं आज मानलं जातं. ब्रिटिश ग्रंथालयातल्या एका प्रतीवर कुणीतरी जुन्या काळातच हातानं शेरा मारून ठेवलाय की हे हँडेलसाहेबांचं नव्हे. वॉल्शनं पुढे दुरुस्त केलेली आवृत्ती म्हणून दुसरं पुस्तक काढलं, त्यातून ते दोन सोनाटे काढून टाकले आणि त्यांच्या जागी दुसरे दोन घातले. आजच्या अभ्यासकांच्या मते तेही हँडेलचे नाहीत!

त्यातला एक, एफ मेजरमधला, आज जगभरची पोरं शिकतात. जपानच्या शिनिची सुझुकींच्या व्हायोलिन पद्धतीच्या सहाव्या पुस्तकात तो हँडेलच्या नावानं आहे. सोनाटा गोड आहे, शिकायलाही चांगला आहे.

हँडेल त्या वेळी जिवंत होता, त्याच शहरात राहत होता. तरी हे चाललं, कारण संगीताच्या छपाईवर रचनाकाराचा हक्क आहे की नाही हेच नीट ठरलं नव्हतं. इंग्लंडमध्ये ते ठरलं १७७७ मध्ये, आणि तेही बाखच्या धाकट्या मुलानं, योहान क्रिस्तियान बाखनं, आपल्या रचना न विचारता छापणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं म्हणून.

विवाल्डीचं नाव विकत घेणारा वादक

पॅरिसमधली गोष्ट तर सिनेमा काढण्याजोगी आहे. निकोला शेदव्हिल हा म्युझेत वाजवायचा. म्युझेत म्हणजे पिशवी बगलेत दाबून वाजवायची छोटी बॅगपाइप, मूळ धनगर-गुराख्यांचं वाद्य. त्या काळी फ्रान्सच्या बड्या घरांत गुराखी-गुराखी खेळायची फॅशन आलेली. रेशमी कपडे घालून सरदारांच्या बायका म्युझेत शिकत होत्या. शेदव्हिल त्यांना शिकवायचा, वाद्यंही बनवायचा. धंदा जोरात. पण वाद्य शेवटी गुराख्याचं. त्यासाठी एखाद्या मोठ्या उस्तादानं काही लिहिलंय असं दाखवता आलं तर वाद्याची पत वाढणार.

मग १७३७ मध्ये पॅरिसला विवाल्डीच्या नावानं सहा सोनाट्यांचं पुस्तक आलं. नाव ‘इल पास्तोर फीदो’, म्हणजे ‘इमानी मेंढपाळ’. म्युझेतवर वाजवा, बासरीवर वाजवा, व्हायोलिनवर वाजवा, काहीही चालेल. प्रकाशक म्हणून नाव होतं मार्शां याचं. विवाल्डी तेव्हा इटलीत हयात होता.

सगळे सोनाटे शेदव्हिलचे होते. काही ठिकाणी विवाल्डीच्या रचनांतल्या कल्पना उचलून बसवलेल्या, म्हणजे वास तरी खरा यावा. १७४९ मध्ये मार्शांनं नोटरीसमोर लिहूनही दिलं की संगीत शेदव्हिलचं आहे, आपण फक्त नाव वापरू दिलं. तो कागद पॅरिसच्या दफ्तरात पडून राहिला. फिलिप लेस्का या फ्रेंच अभ्यासकानं तो उजेडात आणेपर्यंत विसावं शतक संपत आलं होतं.

तोवर काय झालं असेल? बासरीवादकांच्या कित्येक पिढ्यांनी हे सोनाटे विवाल्डी म्हणून वाजवले. झाँ-पिएर रांपालसारख्या जगप्रसिद्ध बासरीवादकानं ते विवाल्डीच्या नावानं रेकॉर्ड केले. त्या रेकॉर्डी खूप चालल्या आणि आजही ऑनलाइन आहेत, विवाल्डीच्याच नावानं. रांपालचा काही दोष नाही. त्याच्यापुढच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

मला स्वतःला शेदव्हिलचा राग येत नाही. आपल्याच वाद्यासाठी त्यानं स्वतःचं नाव पुसलं आणि चांगलं संगीत लिहिलं. वाईट वाटतं ते गॅलोचं.

गॅलो कोण?

दोमेनिको गॅलो हा अठराव्या शतकातला व्हेनिसचा संगीतकार. त्याच्या आयुष्याबद्दल फार थोड्या नोंदी उरल्या आहेत. त्यानं १२ ट्रायो सोनाटे लिहिले. ते लंडनमध्ये १७८० च्या सुमारास छापले गेले ते जोव्हान्नी पर्गोलेसीच्या नावानं.

पर्गोलेसी तेव्हा जाऊन ४० वर्षांवर झाली होती. तो १७३६ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी क्षयानं गेला. तरुण, हुशार, गरीब आणि मेलेला. प्रकाशकाला याहून चांगलं नाव कुठलं मिळणार? मेल्यावर पर्गोलेसी जिवंतपणी होता त्यापेक्षा कितीतरी जास्त ‘लिहायला’ लागला. ज्यावर त्याचं नाव चिकटवलं ते खपत होतं.

पुढे विसाव्या शतकात इगोर स्ट्राविन्स्कीला पर्गोलेसीच्या संगीतावर बॅले करायचं सुचवण्यात आलं. त्यानं हाती आलेल्या जुन्या प्रती घेतल्या आणि १९२० मध्ये पॅरिसला ‘पुल्चिनेल्ला’ सादर झाला. नाटकाचे पडदे पिकासोचे. आधुनिक संगीताच्या इतिहासात या बॅलेचं नाव मोठं आहे. त्याची सुरुवातीची ती ऐटदार, झुलत येणारी धून? ती पर्गोलेसीची नाही. ती गॅलोच्या पहिल्या ट्रायो सोनाट्याची सुरुवात आहे. बॅलेत पुढेही गॅलो पुन्हा पुन्हा येतो.

म्हणजे स्ट्राविन्स्कीचं नाव झालं, पिकासोचं झालं, पर्गोलेसीचं तर होतंच. ज्याची धून, त्याच्या नावाचा पत्ता नाही. आपल्याकडे एखाद्या शाहिराचं गाणं वरातीत वाजतं, सिनेमात जातं आणि श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ असं लिहिलं जातं, ते आठवतं का? तसंच हे.

आणि मुद्दाम फसवणारा क्राइस्लर

फ्रिट्झ क्राइस्लर हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सर्वांत लाडका व्हायोलिनवादक. कार्यक्रमात तो जुन्या, विसरलेल्या उस्तादांच्या छोट्या रचना वाजवायचा. पुन्यानी, फ्रांकर, कुपेरँ. एका जुन्या मठात हस्तलिखितं सापडली असं सांगायचा. फेब्रुवारी १९३५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या ओलिन डाउन्स या समीक्षकानं यहुदी मेन्युहिनच्या कार्यक्रमासाठी माहिती जमवताना त्याला विचारलं की मूळ कागद कुठे आहेत. क्राइस्लरनं सरळ सांगून टाकलं की सगळं मीच लिहिलंय. कार्यक्रमपत्रिकेत सारखं स्वतःचंच नाव बरं दिसत नाही म्हणून जुनी नावं घातली. लंडनचा समीक्षक अर्नेस्ट न्यूमन भयंकर चिडला. क्राइस्लरचं उत्तर साधारण असं, की नाव बदललं म्हणून संगीताची किंमत बदलते का? (हाच मेन्युहिन १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आला होता.)

हसू नका, आपल्याकडेही असा एक गोड प्रकार आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘चतुरपंडित’ या नावानं संस्कृतात संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला. मग मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिताना त्याच चतुरपंडिताचे दाखले एखाद्या तिऱ्हाइताचे द्यावेत तसे दिले. फरक एवढा की त्यांनी खपवलं स्वतःचंच म्हणणं, जुन्या कुणाची सही न मारता.

फोनवर ओळखायचं कसं?

अकोल्यात किंवा अमरावतीत एखादं पोर कीबोर्डच्या क्लासला जात असेल, तर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ‘बाखचा मिन्युएट इन जी’ त्याच्या वाट्याला येतोच. तो बाखचा नाही. तो ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्तियान पेत्झोल्ड याचा आहे. बाखच्या बायकोची, आना माग्दालेनाची, १७२५ पासूनची एक घरगुती वही होती. त्यात आवडलेल्या चिजा उतरवून ठेवायच्या, बऱ्याच जागी नाव न लिहिता. आपल्या आजीच्या भजनाच्या वहीसारखी. वही बाखच्या घरची, म्हणून आतलं सगळं बाखचं असं लोकांनी धरलं. १९७० च्या दशकात खरा मालक सापडला. पाठ्यपुस्तकं अजून बदलतायत.

याच मिन्युएटमध्ये एक खूण आहे. त्याचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही आन्ह. ११४ असा येतो. बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांची यादी, आणि रोमन लिपीत ए-एन-एच अशी तीन अक्षरं दिसली की समजायचं, हे त्या यादीच्या परिशिष्टातलं आहे. शंकास्पद मुलं परिशिष्टात बसवलेली असतात. विवाल्डीची यादी आरव्ही, पीटर रीऑम या डॅनिश अभ्यासकानं केलेली. हँडेलची एचडब्ल्यूव्ही. म्हणून गाण्याचं नाव बघून न थांबता हा क्रमांक सर्चमध्ये टाकायचा. वाद असेल तर पहिल्या दोन-तीन निकालांत कळतं. आयएमएसएलपी नावाच्या मोफत संकेतस्थळावर जुन्या छापील प्रती बघता येतात, आणि तिथे रचनेच्या पानावर ‘चुकीनं अमक्याच्या नावावर’ अशी नोंद बहुधा असते.

मात्र क्रमांक यादीत आहे म्हणजे रचना खरीच, असंही नाही. बीडब्ल्यूव्ही १०३७ हा ट्रायो सोनाटा मुख्य यादीत बसलेला आहे, पण आता तो बाखचा शिष्य गोल्डबर्ग याचा मानला जातो.

१९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग पहिल्यांदा रेकॉर्डिंग करायला आला, तेव्हाची एक गोष्ट इथे आठवते. गाणं संपलं की गौहर जान मोठ्यांदा इंग्रजीत सांगायची, ‘माय नेम इज गौहर जान’. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हानोव्हरला. तिथल्या कामगारांना कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं ते कळावं म्हणून हा उपाय. रेकॉर्डच्या पोटातच सही. नाव चुकायची सोयच ठेवली नाही.

उलटंही घडतं हे सांगायलाच हवं. १९७३ मध्ये मायकेल टॅलबट या इंग्रज अभ्यासकाला मँचेस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयात विवाल्डीच्या १२ व्हायोलिन सोनाट्यांची हस्तलिखितं सापडली. हे अगदी खरे विवाल्डीचे. शहरातल्या साध्या ग्रंथालयात पडून होते. ‘मँचेस्टर सोनाटाज’ असं शोधलं की त्यांची रेकॉर्डिंग मिळतात. ‘इल पास्तोर फीदो’ ऐकून झाल्यावर लगेच हे ऐका, शेदव्हिलनं विवाल्डीची नक्कल कुठवर जमवली होती ते कानांना कळेल.

अस्सल अल्बिनोनी ऐकायचा असेल तर त्याचे सहाव्या पुस्तकातले व्हायोलिन सोनाटे आहेत. त्या गाजलेल्या अदाजियोइतके ते रडवत नाहीत. बरेचसे चक्क प्रसन्न आहेत.

आणि गॅलो शोधायचा असेल तर एक युक्ती करावी लागते. त्याच्या ट्रायो सोनाट्यांची रेकॉर्डिंग आता त्याच्या स्वतःच्या नावानं निघाली आहेत, पण जुनी अजून दुसऱ्याच्या नावाखाली आहेत. म्हणून सर्चमध्ये दोन्ही नावं टाका. आधी गॅलो, मग पर्गोलेसी.